पुन्हा नाइट ड्यूटी

५ डिसेंबर २०२३, मंगळवार. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या तयारीच्या दिवसांचा, पहिलाच आठवडा. नाताळच्या करंज्यांसाठी खोबरं किसून ओट्यावर ठेवलं आणि हात धुवायला बाथरूममध्ये गेले. परत येताना पायपुसणं सरकलं आणि मी डाव्या कुशीवर पडले. फार मोठा आवाज झाला नाही. पण पस्तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला एक्सरे लागत नाही. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड दिसत होता, पाऊल बाहेरच्या अंगाला कललं होतं. खुबा मोडला, हे मला तिथंच कळलं.

वय पंचाहत्तर. वानवडीत पहिल्या मजल्यावर एकटी राहते. हे २०१६ साली गेले. मुलगा-सून पिंपळे सौदागरला, लेक नगरला. शेजारच्या वहिनींकडे किल्ली असते. त्यांना हाका मारल्या, त्या येईपर्यंत वीसेक मिनिटं फरशीवर पडून होते. त्या वेळात मी देवाचा धावा केला असेल असं कुणालाही वाटेल. नाही केला. माझ्या मनात एकच घोळत होतं, की रविवारी शब्बाथशाळेच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबलवर्गाच्या, मुलांची नाताळच्या नाटुकल्याची तालीम आता कोण घेणार.

हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे सहा महिने मला जे शिकावं लागलं त्याची गाठ इथंच होती. ख्रिस्ती माणसानं म्हातारपण कसं काढावं यावर मी महिला मंडळात दोनदा बोलले आहे. दोन्ही वेळा मी हेच सांगितलं, की हातपाय चालतायत तोवर सेवा करत राहा. हातपाय थांबल्यावर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि ते नाही हे मला ठाऊकही नव्हतं.

मी मूळची राहुरीकडची. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, त्याच मिशनच्या शाळांत आमच्या घरची माणसं शिकली. १९६७ मध्ये मी नर्सिंगसाठी मिरजेला गेले. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेलं ते मिशन हॉस्पिटल. तिथं आम्हाला आधी औषधं शिकवली नाहीत, रोग्याला अंथरुणातच अंग कसं पुसायचं ते शिकवलं. तोंड आधी, मग हात, छाती, पाठ, पाय. पाणी मध्ये बदलायचं. जेवढं पुसायचं तेवढंच उघडं, बाकी सगळं चादरीखाली. आमच्या ट्यूटर म्हणायच्या, रोग्याची लाज झाकलीत तर निम्मं दुखणं तुम्ही तिथंच कमी केलंत. १९७१ ला ससूनमध्ये लागले आणि २००६ ला तिथूनच निवृत्त झाले. किती जणांची अंगं पुसली त्याचा हिशेब नाही. त्यांतल्या कित्येकांना मी सांगितलं असेल, ‘अहो काका, लाजायचं काय त्यात, मी तुमच्या लेकीसारखी.’ हे सांगणं किती सोपं आणि ऐकून घेणं किती अवघड, ते मला डिसेंबरात कळलं.

ऑपरेशन सात तारखेला झालं. खुब्याचा मोडका गोळा काढून धातूचा बसवला. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. डॉक्टरांचं काम चोख होतं, दुसऱ्याच दिवशी मला वॉकरला धरून उभं केलं. पण वॉर्डात माणसं कमी आणि होती ती थकलेली. खाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची आणि टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली घडी घालून ठेवायची, हे आम्हाला झोपेतही पाठ होतं. तिथं कुणी ते केलं नाही. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला मलाच नको वाटलं, कारण त्या मुलीच्या डोळ्यांखालची वर्तुळं मला दिसत होती. चौथ्या दिवशी डाव्या टाचेवर पाच रुपयांच्या नाण्याएवढा जांभळा डाग उमटला. बेडसोरची सुरुवात. मला माझ्या पायापेक्षा माझ्या पेशाचं वाईट वाटलं.

चौदा तारखेला घरी आले. मुलानं ब्यूरोतून चोवीस तासांची मुलगी लावली होती. गेवराईकडची, वीस-बावीसची, अंगानं किरकोळ. आल्या आल्या तिनं बॅग कोपऱ्यात ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, ‘आजी, अंघोळ घालू?’

मी नको म्हटलं. तीन दिवस नको म्हटलं. ओल्या फडक्यानं तोंड-मान मीच पुसायची आणि तिला स्वयंपाकघरात पाठवायची. चौथ्या दिवशी ती काही न विचारता गरम पाणी घेऊन आली आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मला बसवलं. ‘हात वर करा.’ मी केले नाहीत. तिनं पुन्हा म्हटलं, तेवढ्याच आवाजात. मग माझा गाऊन तिनंच हळूच डोक्यावरून काढला आणि लगेच खांद्यावर टॉवेल टाकला. कुठं शिकली नव्हती, तिला ते आपसूक येत होतं. मला रडू आलं. ती घाबरली, पाणी चटका देतंय का विचारू लागली. पाणी छान होतं. मला रडू येत होतं ते रागाचं. माझ्या अंगाचा ताबा माझ्याकडून गेला होता, आणि एक अनोळखी पोर ते अंग माझ्याहून जास्त मायेनं हाताळत होती.

त्या दिवसांत मला प्रार्थना येईना. पन्नास वर्षं सकाळी पाचला उठून वचन वाचून गुडघे टेकणारी मी. गुडघे टेकणं तर गेलंच, पण अंथरुणात पडल्या पडल्याही शब्द सुचत नव्हते. माझी आजी आठवायची. तिला अक्षरओळख नव्हती आणि शेवटची आठ वर्षं डोळेही नव्हते, मोतीबिंदू पिकून गेले होते. ओट्यावर बसून ती बायबलातलं तेविसावं स्तोत्र म्हणायची, दिवसाला कितीदा ते तिलाच माहीत. लहानपणी वाटायचं, आजी तेच तेच का म्हणते? आता कळलं. डोकं थकतं तेव्हा नवं काही सुचत नाही, आधी जे मुरवून ठेवलंय त्यावरच चालतं. मी एकाहत्तरावं स्तोत्र धरलं. म्हातारपणी मला टाकू नकोस, माझी शक्ती सरत आली असता मला सोडू नकोस, अशी त्यात विनवणी आहे. एवढंच. अर्थाचा विचारही न करता म्हणत राहायचं. ज्यांना म्हातारपणी प्रार्थना येईनाशी होते त्यांना मी एवढंच सांगेन, की नवी प्रार्थना रचत बसू नका, जुनी धरा.

नाताळ झाला. लेक नगरहून फराळ घेऊन आली, अनरसे चांगले जाळीदार झाले होते. चर्चला जाता आलं नाही, पुण्यात असताना नाताळची उपासना चुकण्याची ही पहिलीच वेळ.

आणि मग जानेवारीच्या पहिल्या रविवारी, सात तारखेला, शेजारच्या वहिनींच्या मुलानं चर्चचं सूचनापत्रक आणून दिलं. नव्या वर्षाच्या शब्बाथशाळा शिक्षकांची यादी होती. माझं नाव नव्हतं. पंचवीस वर्षं मी तो वर्ग घेत होते. यादीतून नाव काढलं याचं दुःख नाही, पंचाहत्तराव्या वर्षी वॉकरवरची बाई वर्ग कसा घेणार? पण कमिटीतल्या कुणीतरी फोन करून सांगायचं होतं. एक फोन. ‘मावशी, आता नव्या मुलीला देतोय’ एवढं एक वाक्य. आमच्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, म्हाताऱ्या माणसांना अशा नकळत बाजूला सारण्याची सवय पडली आहे, आणि ती वाईट आहे. मी हे तेव्हा कुणाला बोलले नाही. आता बोलते आहे.

त्या आठवड्यात बायबलातलं दुसरं शमुवेल हे पुस्तक वाचत होते. एकोणिसाव्या अध्यायात बर्जिल्लय येतो. या माणसावर मी कधी धडा घेतला नव्हता, प्रवचनातही ऐकल्याचं आठवत नाही. मुलानं, अबशालोमानं, बंड केलं तेव्हा पळत्या दावीद राजाला महनाइमात खाऊपिऊ घालणारा हा म्हातारा. राजा परत निघाला तेव्हा यार्देनेपर्यंत पोचवायला आला. राजा म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुझा सांभाळ करीन. तर हा म्हणतो, मी आज ऐंशी वर्षांचा आहे. मला बरंवाईट कळतं का? अन्नपाण्याची चव लागते का? गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येतो का? मी धन्यावर भार कशाला होऊ? थोडं अंतर बरोबर येतो, मग मला माझ्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरू द्या. हा किम्हाम आहे, याला घेऊन जा.

मी ते चार-पाच वेळा वाचलं. काय गेलंय याची इतकी सरळ यादी त्यानं राजापुढं वाचली आणि त्यात कुठं रडगाणं नाही. आपली जागा रिकामी झाली तर तिथं बसायला त्यानं एक तरुण पुढं केला. राजानंही त्याला नुसतं ‘बरं, जा’ म्हटलं नाही, त्याचं चुंबन घेतलं, आशीर्वाद दिला आणि मग जाऊ दिलं. कमिटीनं माझं चुंबन घेतलं नाही हे खरं. पण किम्हामाला पुढं करायचं काम मी तरी कुठं केलं होतं? पंचवीस वर्षांत एकही मुलगी मी हाताखाली तयार केली नव्हती, कारण मला वर्ग सोडायचाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी नव्या शिक्षिकेला फोन करून घरी बोलावलं. कॉलेजातली पोर, बिचारी घाबरतच आली, मी रागवेन असं तिला वाटलं असणार. पलंगाखालचा पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात माझी फ्लॅनेलची चित्रं, वर्गात फ्लॅनेल लावलेल्या फळीवर चिकटवायची. नोहाची जोड्या-जोड्यांची जनावरं, पाच भाकरी, जक्कयाचं झाड, बारा शिष्य. पेत्राचा एक पाय घोट्यापासून फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेली. तिला एकेक चित्र हातात देऊन सांगितलं, ही गोष्ट कुठल्या वयाच्या मुलांना, इथं पोरं हसतात तेव्हा हसू दे, इथं गप्प होतात तेव्हा तूही गप्प राहा, आणि वर्गात पंखा बंद ठेव, नाहीतर चित्रं उडतात. दोन तास गेले. डबा घेऊन ती जिना उतरली तेव्हा माझ्या छातीत कळ आल्यासारखं झालं. पण त्या रात्री, पडल्यापासून पहिल्यांदा, मी सलग चार तास झोपले.

त्याच महिन्यात पाळकसाहेब प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, घेऊन घरी आले. तरुण आहेत, माझ्या मुलाहून लहान. बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकले, १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आली तीच सेमिनरी. जेवणाच्या टेबलावर त्यांनी पांढरं फडकं अंथरलं, छोट्या पेटीतून बोटभर उंचीचा प्याला आणि भाकरीची डबी काढली. मी म्हटलं, ‘साहेब, हे असं घरपोच घ्यायला जिवावर येतं. मला चालत येऊन घ्यायचं होतं.’

ते म्हणाले, ‘मावशी, साधारण १५५ सालच्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकानं रोममध्ये लिहून ठेवलंय, की उपासनेला जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक त्यांच्या घरी नेऊन देतात. म्हणजे हे मंडळीच्या अगदी पहिल्या दिवसांपासून आहे. टेबल तेच आहे. वानवडीपर्यंत लांबलंय एवढंच.’

मग सहज विचारलं, रात्री झोप कशी आहे? मी सांगितलं, तीनला डोळा उघडतो तो पाच-साडेपाचपर्यंत मिटत नाही. आमच्या वयाच्या बहुतेकांचं हेच रडगाणं असतं. त्यांनी तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र काढलं, पाचवा अध्याय. मंडळीच्या यादीत कुठल्या विधवेचं नाव घालावं ते पौल तिथं सांगतो. वय साठच्या खाली नसावं. तिनं मुलं वाढवलेली असावीत, पाहुण्यांचं केलेलं असावं, पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत, संकटात पडलेल्यांना हात दिलेला असावा. आणि थोडं वर, खरी विधवा रात्रंदिवस प्रार्थना आणि विनंत्या करत राहते. हा अध्याय मी शंभरदा वाचला असेल, पण मदत कुणाला द्यायची त्याचे नियम म्हणून. साहेब म्हणाले, ‘सुरुवातीच्या मंडळीत ही विधवांची नेमणूकच मानली जाऊ लागली. स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प तर फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात विधवांना देवाची वेदी म्हणतो. मावशी, रात्री तीन वाजता आपल्या मंडळीत जागं कोण असतं? तुम्हीच. मग ही ड्यूटी तुम्ही घ्या.’

वहीत त्यांनी अकरा नावं लिहून दिली. कुणाचं केमो चालू, कुणाचा मुलगा दारूत, एकीची तिसऱ्या खेपेची गर्भार. मी वाचलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘म्हणजे नाइट ड्यूटी.’

नाइट ड्यूटी मला येते. रात्री राउंड घेताना टॉर्चवर तळहात धरायचा, बोटांच्या फटीतून येईल तेवढाच उजेड, कुणाच्या डोळ्यांवर पडता कामा नये. एकेका कॉटपाशी अर्धा मिनिट थांबायचं. श्वास बघायचा, सलाइन बघायचं, पायावरचं पांघरूण सरकलं असेल तर ओढायचं, पुढच्या कॉटकडे जायचं. मी नावं तशीच घेऊ लागले. पहिली कॉट, केमोवाली बाई. दुसरी कॉट. तिसरी. लांबलचक बोलत नाही. पूर्वी माझ्या प्रार्थना म्हणजे देवाला उपचार सुचवणं असायचं, याचं असं कर, तिला तसं दे. वॉर्डात मोठे डॉक्टर राउंडला आले की सिस्टर त्यांना औषध सांगत नाही. पेशंट कोण, रात्र कशी गेली, कुठं दुखतंय, एवढं नीट सांगते आणि फाइल पुढं करते. बाकी त्यांचं काम. हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं असून देवापुढं मी पन्नास वर्षं उलटं करत होते.

१४ फेब्रुवारीला भस्माचा बुधवार आला, ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस. साहेबांनी येऊन कपाळावर राखेचा क्रूस काढला, तू माती आहेस आणि मातीला परत मिळशील हे उत्पत्तीतलं वचन म्हटलं. ते गेल्यावर पोरगी पदर ओला करून आली, ‘आजी, कपाळाला काहीतरी काळं लागलंय.’ तिला सांगितलं, आज ते राहू दे. तिनं विचारलं, कशासाठी? मी सांगितलं. ती थोडा वेळ बसून राहिली आणि म्हणाली, ‘आमच्याकडं बी कीर्तनात हेच सांगतात, मातीचा देह.’ मग उठून माझ्या टाचेला तेल लावायला बसली. जखम एव्हाना भरली होती, काळसर डाग तेवढा उरला होता.

मार्चमध्ये वॉकरवर जिना उतरायला जमू लागलं. आणि ईस्टरच्या अगोदरच्या पवित्र आठवड्याच्या आधी साहेबांचा फोन, ‘मावशी, गुरुवारी पाय धुवायला बाराजणांत तुम्ही बसायचं.’

आमच्याकडं पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी पाळक बाराजणांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. त्याची तयारी कित्येक वर्षं माझ्याकडे असायची. घंगाळ चिंचेनं घासायचं, टॉवेल इस्त्री करायचे, पाणी कोमट करायचं आणि कोपर बुडवून बघायचं. बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं. खुर्चीत मी कधी बसले नव्हते. कुणी म्हटलंच तर ‘मला काम आहे’ म्हणून सटकायची. फोनवरही मी तेच म्हणाले, माझे पाय बघण्यासारखे नाहीत साहेब. नखं जाड झालेली, घोटे सुजलेले, आणि ती टाच. ते म्हणाले, ‘पेत्रही असंच काहीतरी म्हणाला होता.’ मग मला बोलता येईना.

२८ मार्च. दुपारीच पोरीनं माझी नखं कापली, आधी कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवले आणि मग सावकाश, एकेक. रिक्षानं गेलो, तीही आली. मी सातव्या खुर्चीत. माझ्या उजव्या हाताला एक निवृत्त पोस्टमन, डाव्या हाताला दहावीची परीक्षा नुकतीच दिलेला मुलगा. साहेब गुडघ्यांवर एकेकापुढं सरकत येत होते. माझ्यापुढं आले, डावा पाय तळहातावर घेतला. पाणी थोडं गार होतं, यंदा तयारी दुसऱ्या कुणाकडे होती. टाचेवरच्या डागापाशी त्यांचा अंगठा थांबला, त्यांनी वर बघितलं नाही, त्याच्यावरून पाणी दोनदा ओतलं. मग टॉवेल. आणि त्यांनी बोटांच्या बेचक्यांमधून टॉवेल फिरवला, एकेक बेचकं कोरडं केलं. हे मी आयुष्यभर शिकाऊ मुलींना ओरडून सांगितलं आहे, साखर असलेल्या माणसाची बोटांची बेचकी ओली ठेवू नका, तिथूनच चिघळतं. त्यांना हे कुणी शिकवलं मला माहीत नाही. मी त्यांच्या डोक्याकडे बघत बसले, भोवऱ्यापाशी केस विरळ व्हायला लागलेत.

त्याच संध्याकाळी योहानाचा तेरावा अध्याय वाचला गेला. तू माझे पाय कधीच धुणार नाहीस, असं पेत्र म्हणतो तो. घरी येऊन मी एकविसावा काढला. पुनरुत्थानानंतर प्रभू त्याच पेत्राला सांगतो, तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून पाहिजे तिथं जात होतास, म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील, आणि नको तिथं तुला नेईल. योहान लिहितो, त्याचं मरण कसं होणार ते यातून सुचवलं. ते खरंच. पण मला त्या रात्री त्यात माझी प्लॅस्टिकची खुर्ची दिसली आणि ‘हात वर करा आजी’ म्हणणारी गेवराईची पोर. पाय धुवून घ्यायला जो तयार नव्हता त्यालाच सांगितलं जातं, की एक दिवस तुझा कमरपट्टाही दुसरा बांधील. आणि त्यापुढं लगेच, ‘माझ्यामागे ये.’ म्हणजे दुसऱ्याच्या हातून कपडे घालून घेणं हेही त्याच्यामागं जाण्यात मोडतं. पडल्यापासून मी समजत होते, की माझं अनुसरण संपलं आणि आता फक्त वाट बघायची. दुसऱ्या सकाळी पोरीनं पाणी आणलं तेव्हा मी आधीच हात वर केले होते.

एक गोष्ट मात्र मी ठामपणे माझ्या हातानं केली. जुलै २०२४ मध्ये कॅम्पात नोटरीकडे जाऊन लिव्हिंग विल केलं. माझं बरं होणं शक्य नसेल तर व्हेंटिलेटरवर ठेवू नका, दुखणं कमी करा आणि घरी न्या. सुप्रीम कोर्टानं ९ मार्च २०१८ च्या निकालानं याला मान्यता दिली, पण तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती की मॅजिस्ट्रेटची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. मुलगा चिडला. ‘आई, तू हार मानलीस? देवावर भरवसा ठेवायचं सोडून हे काय?’ त्याला म्हटलं, बाळा, आयसीयूत मी माणसं मरताना बघितली आहेत. हात बांधलेले, तोंडात नळी, बाहेर नातेवाईक आणि शेवटचं वचन ऐकवायला आत कुणी नाही. माझा श्वास देवानं दिलाय, तो मागेल तेव्हा मला हात मोकळे हवेत.

आणि हार म्हणशील तर केडगावला चल, म्हटलं. महिला मंडळाबरोबर दौंडच्या गाडीनं आम्ही पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो. त्यांची एकुलती लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाई साठी ओलांडलेल्या, कानांनी ऐकू येत नव्हतं, तब्येत खालावलेली. तरी हिब्रू-ग्रीकवरून चाललेलं मराठी बायबलचं काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. आपण जे बघणार नाही त्याची मुद्रितं तपासत त्या बसल्या होत्या. मुलगा काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी कागदाची एक प्रत मागून घेतली. साक्षीदार शेजारच्या वहिनी आणि मंडळातली एक मैत्रीण. त्याच फायलीत दफनविधीची तीन गीतंही लिहून ठेवली आहेत. तीनच, कारण लोक उन्हात उभे असतात. आणि यांच्याच कबरेत ठेवा, असं.

गेवराईची पोर ऑगस्टपर्यंत होती. आता हडपसरला एका आजोबांकडे आहे, अधूनमधून फोन करते. अंघोळीला सकाळी एक मावशी येतात. रविवारी मुलगा गाडी घेऊन येतो तेव्हा चर्चला जाते, एरवी महिन्यातून एकदा टेबल माझ्याकडे येतं. शब्बाथशाळेच्या खोलीवरून जाताना दार उघडं असलं तर आतून नव्या बाईंचा आवाज येतो, आणि पंखा बंद असतो.

वहीत आता त्रेचाळीस नावं आहेत. केमोवाली बाई गेली, तिच्या जागी तिच्या नवऱ्याचं नाव घातलं. तिसऱ्या खेपेचं बाळ नीट आलं, मुलगी. कमिटीचे चिटणीस पंधराव्या कॉटवर आहेत, त्यांची बायपास झाली. पहिल्यांदा ते नाव घ्यायला जीभ जड झाली होती, आता होत नाही. चौदावी कॉट गेवराईच्या पोरीच्या आईची, तिची साखर चारशेच्या वर जाते आणि ती गोळ्या घेत नाही. तिच्या पायांना काही होऊ नये एवढं मी सांगते. साडेचारला खाली दूधवाल्याची गाडी येते, तोवर राउंड होतो. कधी अर्ध्यातच डोळा लागतो. मग उरलेल्या कॉट दुसऱ्या रात्री आधी घेते.